फाडायचं ते गिऱ्हाइकासमोर

तिच्या तोंडात बहुतेक वेळ खिळे असत. सोफ्याचं कापड ताणून धरताना दोन्ही हात गुंतलेले असतात. म्हणून मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक ओठांपर्यंत आणायचा आणि चुंबकाच्या हातोडीने तो तिथूनच टिपायचा. ही तिच्या सासऱ्यांची पद्धत. पुढे पिना मारायचं यंत्र आलं, पण तिला ते पटलं नाही. ह्या पद्धतीत माणूस हळूहळू बोलणं विसरतो. गिऱ्हाईक विचारी, "शनिवारपर्यंत होईल ना?" ती म्हणे, "हं." "जरा कमी करा की." "हं." दोन हुंकारांतला फरक गिऱ्हाइकाने ओळखायचा.

एका चौकस बाईने विचारलं होतं, "अहो, कधी गिळला नाहीत का?"

तिने खिळे तळहातावर काढले. "एकदा गिळला."

"अगं बाई! मग?"

"दुसऱ्या दिवशी वापरला."

कारखान्यात सगळे तिला खिळेबाई म्हणत. नवराही म्हणे, पण त्याच्या तोंडी ते टोमण्यासारखं येई. तो पुढच्या बाजूच्या शोरूममध्ये तयार सोफे विकत असे. ती मागे कारखान्यात जुने सोफे उलगडत असे. मध्ये एक काचेचं दार होतं. शेवटच्या काही वर्षांत ते दोघे एकमेकांना बहुतेक त्या काचेतूनच दिसत.

काम तिला सासऱ्यांनी शिकवलं, तिच्या मामंजींनी. त्यांच्या मुलाला सोफे विकायला आवडत, करायला नाही. लग्न होऊन आलेली सून कारखान्याच्या दारात उभी राहून बघत असते, हे म्हाताऱ्याने हेरलं आणि एक दिवस तिच्या हातात खिळे उपसायची पटाशी दिली. "बघतेस काय? उपस." पट्ट्या कशा ताणायच्या, स्प्रिंगा दोरीने कशा बांधायच्या, काथ्या कसा पिंजून पसरायचा, हे ती त्यांच्याकडून शिकली. त्याबरोबर एक नियमही शिकली. जुनी बैठक गिऱ्हाइकाच्या पाठीमागे फाडायची नाही. त्याला बोलवायचं, स्टुलावर बसवायचं आणि त्याच्यादेखत पहिला टाका उसवायचा. बैठकीच्या फटींतून वर्षानुवर्षं काय काय आत जातं. नाणी, केसांचे आकडे, पेनांची टोपणं, कुणाचा तरी दुधाचा दात. जे निघेल ते ताटलीत ठेवायचं आणि ताटली गिऱ्हाइकाच्या मांडीवर द्यायची.

"त्याच्यासमोर फाडलंस तर जे निघालं ते निघालं," मामंजी म्हणत. "पाठीमागे फाडलंस, तर त्याला वाटणार आत सोनं होतं. मग तू जन्मभर सांगत बस."

मामंजी गेले. जाताना कारखान्याची जागा मुलाच्या आणि सुनेच्या, दोघांच्या नावावर करून गेले. नियम तिने पाळला.

स्वतःच्या घरात मात्र पाळला नाही.

तिला एक धाकटी बहीण होती. धाकटीला लहानपणापासून फिट्स येत. कधी येतील सांगता येत नसे. उभी असेल तिथे कोसळे, आणि टेबलाचा कोपरा, चौकट, नळाची तोटी, जे वाटेत येईल ते डोक्याला लागे. आईवडील गेल्यावर ती काही दिवस थोरलीकडे राहायला आली. एका दुपारी दिवाणखान्यात तिला फिट आली. नवरा घरात होता. सगळं शांत झाल्यावर तो म्हणाला, "हिला इथे आणत जाऊ नकोस. नवा सोफा आहे." त्याला नेमकं काय म्हणायचं होतं, हे त्यालाही कदाचित ठाऊक नसेल. तिने ऐकलं. तोंडात खिळे होते असं नाही, तरी ती काही बोलली नाही.

पुढे एका नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम मिळालं. ते तिने शोरूमला न कळवता, सुट्ट्यांच्या दिवशी, बाहेरच्या बाहेर केलं. त्या पैशांतून शहराच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावरची एक खोली स्वतःच्या नावावर घेतली. मग त्या खोलीला आतून गादी चढवली. भिंतींना खांद्याच्या उंचीपर्यंत फोम, त्यावर काथ्या, त्यावर कापूस, त्यावर जाड हिरवं कापड. पलंगाच्या कडा, ओट्याचा कोपरा, चौकटी, सगळं मढवलं. धाकटी आत आली, भिंतीवर पाठ टाकून बघितली आणि म्हणाली, "ताई, मी आता सोफ्याच्या पोटात राहणार तर!"

नवऱ्याला ह्यातलं काही माहीत नव्हतं. धाकटी कुठल्याशा संस्थेत राहते एवढंच तो समजून होता, आणि त्याने कधी विचारलंही नाही.

घटस्फोटाचा अर्ज तिनेच केला. कारण एकच असं नव्हतं. एका घरात दोन माणसं इतकी वर्षं काचेतून एकमेकांकडे बघत राहिली तर एक दिवस कुणीतरी काच पुसतं आणि पलीकडे कुणीच नाही असं दिसतं. न्यायालयाने पहिल्याच तारखेला दोघांना आदेश दिला. प्रत्येकाने शपथेवर लिहून द्यायचं: उत्पन्न किती, खाती कुठे, जागा कुठल्या, देणं काय. सगळं.

नवऱ्याने वेळेवर लिहून दिलं. त्यात शोरूम होतं, कारखान्याचा अर्धा हिस्सा होता आणि एक रोडावलेलं खातं होतं. लाकडाने आणि फोमने भरलेलं गोदाम त्यात नव्हतं. ते त्याच्या चुलतभावाच्या नावावर होतं आणि किल्ली त्याच्या कमरेला असे.

तिने काहीच दिलं नाही.

"अहो, लिहून टाका," वकीलीणबाई म्हणाल्या. त्या तरुण होत्या, पण कामात पक्क्या. त्यांच्या टेबलापुढच्या खुर्चीची बैठक खचली होती. खिळेबाई तिच्यावर बसताना दर वेळी थोडी डावीकडे सरकून बसे.

"खोली लिहिली तर तो अर्धी मागेल."

"मागेल. आपण उत्तर देऊ. आजारी माणूस राहतं तिथे, हे न्यायाधीश बघतील. पण आधी त्यांना दाखवायला तर हवं."

"आणि त्यांनी विकायला सांगितली तर?"

"तसं होणारच नाही असं मी सांगत नाही."

"मग नाही लिहायची."

"बरं. खोली सोडून बाकीचं लिहिणार?"

"शपथेवर खोटं लिहिणार नाही."

वकीलीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "खरं लिहायचं नाही, खोटं लिहायचं नाही. मग तिसरं काय करायचं?"

"गप्प बसायचं."

"तुमच्या दुकानात चालत असेल ते. इथे गप्प बसण्याचीही किंमत पडते."

ती पडत गेली. न्यायाधीश वयस्क होते, सर्दीने बेजार, आवाज न चढवणारे. पहिल्या वेळी त्यांनी मुदत वाढवून दिली. दुसऱ्या वेळी दंड केला, आणि तो नवऱ्याला द्यायचा होता. नवऱ्याने त्यातून नवे बूट घेतले आणि ते घालून काचेच्या दारात येऊन उभा राहिला.

"कसे आहेत? तुझ्याच कृपेने," तो म्हणाला.

तिने खिळा ठोकला.

"बोल की. की तेवढ्याचाही दंड भरायचाय?"

तिने दुसरा ठोकला.

तिसऱ्या तारखेला तिच्या वकीलीणबाईंनी गोदामाचा विषय काढला. नवऱ्याने माहिती दडवली आहे, त्याची तपासणी व्हावी. न्यायाधीशांनी चष्मा वर केला.

"ह्यांची माहिती कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

वकीलीणबाईंनी हातातली फाइल मिटली.

"ज्यांनी स्वतःचं झाकण उघडलेलं नाही, त्यांना दुसऱ्याचं उघडा असं म्हणता येणार नाही. आधी ह्यांचं येऊ दे."

काचेपलीकडे बघावं तसं नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं की तिच्या गप्प बसण्याच्या आडोशाला तोही आरामात बसला आहे. तरी ती हलली नाही. खोली म्हणजे खोली.

मग तिचं बँकेतलं खातं गोठवलं गेलं. फोम उधार मिळेना. कारखान्यातल्या जुन्या कारागिराचा पगार थांबला. तो म्हणाला, "बाई, मी थांबतो, माझं पोट थांबत नाही," आणि तरी दुसऱ्या दिवशी आला. नवऱ्याच्या वकिलाने लिहून दिलं की ह्या बाईंकडे दोन घरं आहेत, दागिने आहेत, बाहेरची कामं घेऊन रोकड साठवलेली आहे. ती ऐकत राहिली. दोन घरं! न्यायाधीश म्हणाले, पुढच्या तारखेपर्यंत माहिती आली नाही, तर समोरचे म्हणतात ते खरं धरून चालू. शिवाय आदेश मोडल्याबद्दल काही दिवस कोठडीत काढावे लागतील, ह्याची ह्यांना कल्पना द्या.

"जाईन," ती बाहेर आल्यावर म्हणाली.

"जा," वकीलीणबाई म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच चिडल्या होत्या. "तुम्ही आत गेल्यावर धाकटीला गोळ्या कोण देणार? हिरव्या भिंती?"

त्याच आठवड्यात ते घडलं.

एक निवृत्त शिक्षक आपली आरामखुर्ची टाकून गेले होते. खुर्ची त्यांच्या गेलेल्या बायकोची. सकाळी येतो, मग उघडा, असं ते सांगून गेले होते. सकाळी तिचं डोकं जागेवर नव्हतं. हात कामाला लागले तर बरं वाटेल म्हणून तिने पटाशी घेतली आणि समोर होती ती खुर्ची उघडली. गोणपाट निघालं, काथ्या निघाला, स्प्रिंगांमधून शिवताना बोटात घालायचं एक अंगुस्तान खाली पडलं, आणि तेव्हा तिला कळलं की स्टुलावर कुणी नाही.

कारागीर कोपऱ्यातून बघत होता. "बाई," तो एवढंच म्हणाला.

शिक्षक आले. तिने ताटली त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी अंगुस्तान उचललं, बोटात घालून बघितलं.

"एवढंच?"

"एवढंच निघालं."

"नाही, तसं नाही. हिची अंगठी हरवली होती. ती कायम म्हणायची, खुर्चीतच पडली असणार." ते हसले. अतिशय सभ्य माणूस. "असेल दुसरीकडे कुठे."

तिने काथ्या त्यांच्यासमोर पिंजून दाखवला. गोणपाट झटकलं. प्रत्येक स्प्रिंग सोडवून फरशीवर मांडली. ते मान हलवत राहिले. "अहो राहू द्या. आता काय दाखवता." पण बोलताना त्यांची नजर पुन्हा पुन्हा तिच्या बोटांवर जात होती. तिच्या बोटांत काही नव्हतं. तिला वाटलं, बोटं कापून ताटलीत ठेवली तरी ह्यांना ती अंगठी दिसत राहील.

ते गेले. ती स्प्रिंगांच्या मधोमध बसून राहिली. अंगठी त्या खुर्चीत कधी नव्हतीच. आता ती कायमची होती.

संध्याकाळी ती धाकटीकडे गेली. धाकटी पलंगावर बसून मोजे दुमडत होती.

"तुझी खोली कोर्टात सांगणार आहे," ती म्हणाली.

"अजून सांगितली नाहीस?"

"नाही."

"म्हणजे इतके दिवस ह्याच्यावरून चाललंय?" धाकटीने मोजे बाजूला टाकले. "ताई, मी काय चोरीचा माल आहे का?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. दाजींना कळू नये म्हणून तू दंड भरतेस, पगार थांबवतेस, आता तुरुंगात जाणार. आणि मी इथे मऊ मऊ भिंतींत बसून वाट बघणार. मला कुणी विचारलं?"

"खोली गेली तर?"

"तर दुसरी मढवशील. तुला तेवढंच येतं." मग ती जरा नरमली. "जाईल का गं?"

"जाऊ देणार नाही. पण लपवून राखायची नाही आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलीणबाईंचं दार उघडायच्या आत ती बाहेर उभी होती. सगळं लिहिलं. खोली, नाट्यगृहाचं काम, खातं, आईची पाटली, कारागिराचा थकलेला पगार. वकीलीणबाई म्हणाल्या, पाटलीचं इतकं बारीक नको. ती म्हणाली, "असू दे. बाहेर काढतेच आहे तर तळापर्यंत काढते."

न्यायाधीशांनी ते वाचलं. तिने माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली, फार मऊ झाले नाहीत. दंड गेला तो गेला. वाया गेलेल्या तारखांचा खर्च तिच्याच माथी. कोठडी टळली, खातं मोकळं झालं. आणि खोलीचं काय ते बघून ठरवू.

नवऱ्याचा वकील उठला. "साहेब, एक लपवलं त्यांनी, तर आणखी नसेल कशावरून?"

तिला शिक्षकांचे डोळे आठवले.

न्यायाधीश म्हणाले, "ठीक आहे. न्यायालयाचा माणूस जाऊन खोली बघेल. आणि ते गोदाम म्हणता, तेही त्याच दिवशी बघेल. आता दोघांचंही."

बाहेर व्हरांड्यात नवरा तिच्याजवळ आला. नवे बूट अजून करकरत होते.

"इतकी वर्षं?" तो म्हणाला. "खोली? माझ्या पाठीमागे?"

"तुमच्या पाठीमागे," ती म्हणाली. "ते चुकलं माझं."

असं उत्तर येईल ह्याची त्याने तयारी केली नव्हती. तो आपल्या वकिलाला शोधायला वळला.

न्यायालयाचा माणूस आला तो बारीक, घामेजलेला, बगलेत फाइल. नवरा त्याच्या मागोमाग आत आला आणि दारातच थबकला. हिरव्या भिंती, मढवलेल्या चौकटी, मढवलेला ओटा. धाकटी पलंगावरून उठली.

"या दाजी. सोफा खराब होणार नाही, काळजी करू नका. सगळीकडे सोफाच आहे."

तो आत आला. खोली फिरून बघायला तीन पावलंही लागत नव्हती. त्याने भिंतीवर हात ठेवला. दाबला. भिंत आत गेली आणि परत आली.

"ह्याच्या आत काय आहे?" त्याने त्या माणसाला विचारलं. तिला नाही.

"म्हणजे?"

"एवढी जाड भिंत कशाला? आत काही ठेवलं असेल. रोकड असेल."

न्यायालयाच्या माणसाने तिच्याकडे बघितलं. "बाई, तुमची हरकत..."

तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि भिंतीसमोर ठेवलं.

"बसा," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी कशाला बसू?"

"बसा. मामंजी बसवायचे तसं."

तो बसला. तिने पिशवीतून पटाशी काढली आणि भिंतीची खालची पट्टी उचकटली. खिळे टिकटिक करत फरशीवर पडले. हिरवं कापड लोंबलं. आत कापूस. कापूस ओढून काढला, आत काथ्या. काथ्या उपसला, तो धुळीसकट त्याच्या नव्या बुटांवर पडला. आत फोम. फोम सोलला, आत भिंत, उघडी, ओलीचा एक डाग असलेली. तिने एक बाजू संपवली आणि दुसरी धरली. न्यायालयाचा माणूस म्हणाला, "अहो, पुरे." ती थांबली नाही. "नाही. सगळ्या. ह्यांच्यासमोर." धाकटी पलंगावर पाय वर घेऊन बसली होती, खोकत होती आणि थोडी हसत होती. ओट्याचा कोपरा, चौकटी, पलंगाच्या कडा. शेवटी खोली एका मोठ्या खुर्चीच्या उसवलेल्या पोटासारखी झाली, आणि मधोमध तो स्टुलावर बसलेला, मांडीवर रिकामी ताटली. ती तिने केव्हा दिली हे त्याला कळलं नव्हतं.

"एवढंच," ती म्हणाली.

त्याने ताटलीकडे बघितलं. लहानपणी बापाच्या कारखान्यात त्याने अशा कितीतरी ताटल्या गिऱ्हाइकांच्या मांडीवर जाताना बघितल्या असतील.

न्यायालयाच्या माणसाने लिहून घेतलं. मग कपाळ पुसलं. "चला, आता गोदाम. किल्ली आहे ना?"

नवरा उठला. काथ्या झटकला. "किल्ली चुलतभावाकडे आहे. तो बाहेरगावी गेलाय."

"तुमच्या कमरेला काय आहे?"

"ही शोरूमची."

"बरं," तो माणूस म्हणाला आणि तेही लिहिलं. लिहिताना त्याचा हात थांबला नाही, चेहरा बदलला नाही. पण तिला ते लिहिणं ओळखू आलं. तिच्या बाबतीत सगळं असंच सुरू झालं होतं, अशाच एका साध्या ओळीने. आधी मुदत मिळेल, मग दंड होईल, मग म्हणणं ऐकणं बंद होईल, मग लोकांना गोदामात वाटेल ते दिसायला लागेल. तिला वाटलं, त्याला सांगावं. दार उघड, आत्ताच उघड, आत्ता फक्त लाकूड आणि फोम आहे. तिने तोंडही उघडलं. पण तो दाराबाहेर पडला होता, आणि काही गोष्टी माणसाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येत नाहीत.

गोदाम शेवटी कुलूप तोडून उघडलं गेलं, तेव्हा त्यात जेवढं होतं त्याच्या दुप्पट त्याच्या नावे धरलं गेलं. खोली तिच्याकडे राहिली. मात्र तिची किंमत कारखान्यातल्या हिश्शातून वळती झाली. त्यात दंड आणि तारखांचा खर्च मिळून तिच्या वाट्याला कारखान्याचा मागचा भाग आला, खिडकी नसलेला. काचेच्या दाराच्या जागी भिंत बांधली गेली. सुरुवातीलाच सांगितलं असतं तर खिडकीची बाजू राहिली असती, असं वकीलीणबाई म्हणाल्या. ती म्हणाली, "हं." हा होकाराचा हुंकार होता.

ते शिक्षक खुर्ची घेऊन गेले ते पुन्हा आले नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी दोघे गेल्यावर तिने स्टूल बाजूला सारलं, फरशीवरचे खिळे गोळा केले, वाकडे झालेले वेगळे काढले. धाकटी म्हणाली, "आज राहू दे ना. दमलीस."

"आणि रात्रीत तुला फिट आली तर?"

"एक रात्र बसून काढीन."

तिने खिळे तोंडात टाकले, फोमचा पहिला तुकडा उघड्या भिंतीला लावला आणि हातोडी उचलली.

"ताई, ह्या वेळी निळं कापड लाव ना. हिरव्याचा कंटाळा आला."

"हं," ती म्हणाली. हा नकाराचा होता. निळं कापड आणायचं तर उद्या उजाडलं असतं, आणि ओट्याचा कोपरा अजून उघडा होता.